पाचव्या रिळातली बाई

लोकांना चित्रपट सुचवायची खोड मला होती. ती कशी लागली ते सांगत बसत नाही. सुचवायचे तेही असे, की ऐकणाऱ्याला ते कुठेच पाहायला मिळू नयेत. सन १९४४. नगरात बोलपटांना लोक रांगा लावत होते, एकेका बोलपटात बारा-बारा गाणी होती, आणि मी मिशनच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत बसून वीस वर्षांपूर्वीच्या मूकपटांची वकिली करत होतो. मी खोलीत शिरलो की दोन-तीन शिक्षकांना अचानक वह्या तपासायची आठवण होई.

शेवटी इथल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी मला एक सदर दिलं. त्यांना माझी कीव आली की अंकातली जागा भरेना, हे मी विचारलं नाही. सदराचं नाव 'न पाहिलेले पण पाहण्याजोगे'. पहिले पाच लेख छापून आले आणि कोणी वाचले नाहीत. हे मी अंदाजाने बोलत नाही. छापखान्यात तिसऱ्या लेखाला चौथ्या लेखाचं शेपूट जोडलं गेलं होतं, आणि एका माणसानेही तक्रार केली नाही. माझ्या बायकोने, दीनाने, तर "या खेपेचा बरा जमलाय हो" असं म्हटलं.

सहावा लेख होता 'शेवटची थैली' या चित्रपटावर. डोंगरातून टपालाची थैली खांद्यावर टाकून पळत जाणारा एक हरकारा, त्याची थैली चोरीला जाते, आळ त्याच्यावरच येतो, एवढीच गोष्ट. ना देव, ना राक्षस, ना तलवारबाजी. चोवीस साली नगरात तो तीन दिवस चालला, त्यांतले दोन दिवस मी होतो. शेवट तर असा, की त्यावर मी सबंध दीड रकाना लिहिला. पण टीकाकाराने निव्वळ स्तुती करू नये, म्हणून एक दोषही दाखवला. वाक्य मला पाठ आहे: "पाचव्या रिळात हरकारा ओट्यावर बसून अश्रू ढाळीत असता मागून एक गावंढळ बाई विनाकारण आडवी जाते; दिग्दर्शकाने तिला वेळीच आवरले असते तर ही कृती निर्दोष ठरती." वाक्य लिहून झाल्यावर मी चहा मागवला होता, इतकं मला ते आवडलं होतं.

पंधरा दिवसांनी राजूरहून पत्र आलं. लिहिणारे गोरक्षनाथ नावाचे भाताचे व्यापारी. त्यांनी लिहिलं होतं :

"आपला लेख दुकानात मोठ्याने वाचत होतो. आमच्या गावच्या चांगुणाबाई मीठ न्यायला आल्या होत्या. चित्रपट या भागात काढला, असे आपण लिहिले आहे, ते खरे आहे. कंपनीने ज्या घराचा ओटा घेतला ते त्यांचे घर. आपण जिला गावंढळ म्हटले ती त्यांची आई. चित्र काढले त्याच्या दुसऱ्या वर्षी बाळंतपणात वारली. घरात तिची तसबीर नाही. चांगुणाबाई विचारतात, तो दोष आम्हाला दाखवता येईल का?"

पत्र मी दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. दीनाने विचारलं, "कोणाचं?"

"एका वाचकाचं," मी म्हणालो.

"अगं बाई, वाचक!" ती म्हणाली, आणि हात पुसून पत्र घेतलं. वाचून झाल्यावर तिने ते घडी घालून माझ्यासमोर ठेवलं. रात्री जेवताना मला पोळी वाढली आणि म्हणाली, "कधी जाणार आहात?"

जायचं म्हणजे आधी चित्रपट हवा. तो होता गनीभाईंकडे. गनीभाई पूर्वी तंबू घेऊन गावोगाव मूकपट दाखवत. बोलपट आल्यावर त्यांनी तंबू गुंडाळला, लॉरी घेतली, आणि जुनी रिळं घरामागच्या खोलीत कांद्यांच्या शेजारी रचून ठेवली. मी पत्र दाखवलं. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. "गावंढळ" हा शब्द मी गाळला.

"आईचा मामला आहे," गनीभाई म्हणाले. "चला मास्तर, डबे काढू."

डबे निघाले सात.

"आठ रिळं होती," मी म्हणालो.

गनीभाईंनी आत हाक मारली. त्यांच्या पत्नी मुबारकबी दारात आल्या. त्या दोघांत काही बोलणं झालं आणि गनीभाईंचा चेहरा पडला. युद्धामुळे बांगड्यांचा माल मिळेना, तेव्हा एक बांगडीवाला वितळवून बांगड्या करायला जुन्या फिल्मा मागत फिरत होता. मुबारकबींनी वरचा एक डबा देऊन टाकला होता. वरचा म्हणजे शेवटचा. ज्या शेवटावर मी दीड रकाना लिहिला होता, तो नगरच्या बायकांच्या हातांत किणकिणत हिंडत होता.

"शेवट तुम्ही तोंडी सांगा ना," गनीभाई म्हणाले. "तुम्हाला तर पाठ आहे."

हे मात्र मला पटलं. खरं सांगायचं तर फारच पटलं. पुढचे आठ दिवस मी आरशासमोर शेवट सांगायचा सराव केला. दीनाने तो दोनदा ऐकला, तिसऱ्यांदा तिला दळण आणायचं आठवलं.

आता शेजाऱ्यांचे सल्ले. आमच्या शेजारी शांतवनकाका राहत. मिशनमधून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर सगळ्या जगाची जबाबदारी अंगावर घेतलेले. ते म्हणाले, "फिलिप, राजूरला हिवताप आहे. क्विनीन ने." क्विनीन लढाईमुळे कुठे मिळत नव्हतं. तसं सांगितल्यावर म्हणाले, "मग जाऊ नकोस." थोड्या वेळाने कुंपणावरून पुन्हा, "फिल्म पेट घेते म्हणे. वाळूची बादली ने." संध्याकाळी पुन्हा, "घाटात लॉरी मागे येते. दगड ने, चाकाला लावायला." मी विचारलं, "काका, डोंगरात दगड नसतात का?" ते दुखावले, आणि दोन दिवस बोलले नाहीत. पण निघताना बघतो तर लॉरीत एक बादली वाळू आणि दोन घडीव दगड ठेवलेले.

पेट्रोल शिधापत्रिकेवर होतं, त्यामुळे गनीभाईंची लॉरी कोळशाच्या गॅसवर चाले. मागे पाण्याच्या बंबासारखी एक भट्टी, तीत लोणारी कोळसा, आणि तिच्या धुरावर इंजिन. तासभर भट्टी फुलवल्याशिवाय लॉरी हलत नसे, आणि चढ आला की दम्याच्या रोग्यासारखी थांबे. भट्टीपासून चार हातांवर पेट घेणाऱ्या फिल्मचे सात डबे, त्यांवर ओली गोणपाटं, आणि गोणपाटांवर मी. माझ्या अंगात आरशासमोर सरावाच्या वेळी घालायचो तो पांढरा कोट होता. तालुक्याच्या गावी, अकोल्याला, उतरलो तेव्हा त्याचा रंग सांगण्यासारखा राहिला नव्हता.

अकोल्याला थांबलो ते परवानगीसाठी. जिल्ह्याच्या ठिकाणी मी अर्ज दिला होता. तिथून उत्तर आलं होतं की स्थानिक कचेरीची हरकत नसल्यास आमची नाही. स्थानिक कचेरीत रंगनाथ नावाचे कारकून होते. बारीक अंगाचे, कानाला लेखणी, आणि प्रत्येक प्रश्नाआधी एक छोटा खोकला.

"चित्रपटाचं नाव?"

"शेवटची थैली."

"कसली थैली?"

"टपालाची."

रंगनाथरावांनी लेखणी कानावरून काढली. "तिचं काय होतं?"

"चोरीला जाते," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणीच मला कळलं. बेचाळीसच्या ऑगस्टपासून जिल्ह्यात ठिकठिकाणी टपालाच्या थैल्या पळवल्या गेल्या होत्या. त्यापायी बरीच माणसं तुरुंगात होती.

रंगनाथराव खोकले. "सध्याच्या दिवसांत डोंगरातल्या लोकांना गोळा करून, टपालाची थैली कशी पळवावी, हे तुम्ही दाखवणार?"

"पळवणारा शेवटी पकडला जातो."

"ते आहे यात?"

ते आठव्या रिळात होतं. मी गनीभाईंकडे पाहिलं. गनीभाई छताकडे पाहत होते.

"ते मी तोंडी सांगणार आहे," मी म्हणालो.

बाहेरच्या बाकावर आम्ही तीन तास बसलो. एकदा वाटलं, लॉरी वळवावी. गनीभाई म्हणाले, "मास्तर, ते पत्र त्यांना द्या." मला ते नको होतं. पत्रात माझा तो शब्द होता. पण दिलं. रंगनाथरावांनी ते वाचलं, आत साहेबांकडे नेलं, आणि परत आले ते कागद घेऊनच. चित्रपटाचं नाव बदलून 'हरकाऱ्याचे कर्तव्य' असं केलं होतं. अटी तीन. आधी सरकारी युद्धपट दाखवावा. कार्यक्रम सूर्यास्तापूर्वी संपवावा. आणि कचेरीचा माणूस हजर राहील.

"सूर्यास्तापूर्वी?" गनीभाई ओरडले. "साहेब, सिनेमाला अंधार लागतो!"

"ते अर्जात लिहिलेलं नव्हतं," रंगनाथराव म्हणाले, आणि छत्री घेऊन लॉरीत येऊन बसले. कचेरीचा माणूस म्हणजे तेच.

विठ्याच्या घाटात लॉरी तीनदा थांबली. तिन्ही वेळा चाकांना शांतवनकाकांचे दगड लावले. तिसऱ्यांदा रंगनाथरावही खाली उतरून लॉरी ढकलू लागले. ढकलता ढकलता म्हणाले, "हे मी कचेरीच्या कामात धरत नाही."

राजूरला पोचलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी. बाजाराचा दिवस होता. गोरक्षनाथांनी आपली भाताची वखार रिकामी करून ठेवली होती. सूर्यास्ताची अट ऐकल्यावर त्यांनी क्षणभर डोकं खाजवलं आणि बाजारात जाऊन काही सांगितलं. थोड्या वेळात माणसं आपापली घोंगडी घेऊन आली. वखारीच्या झरोक्यांवर, दारावर, कौलांच्या फटींवर घोंगड्या चढल्या. भर दुपारी दोन वाजता आत असा काळोख झाला, की गनीभाई मशीनऐवजी एका म्हाताऱ्याच्या मांडीवर हात टेकून उभे होते. पडदा नगरलाच राहिला होता. गोरक्षनाथांनी समोरच्या भिंतीला चुना मारला. तो ओलाच होता. लॉरी बाहेर उभी राहिली, तिच्या इंजिनाला पट्टा लावून डायनामो फिरवला, वायर झरोक्यातून आत घेतली.

चांगुणाबाईंना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिशी ओलांडलेली, उंच, कपाळावर गोंदण. आपली मुलं-माणसं घेऊन त्या पुढेच बसल्या होत्या. गोरक्षनाथांनी ओळख करून दिली. "हेच ते मास्तर, लिहिणारे."

मी काहीतरी क्षमेसारखं बोलायला लागलो. त्यांनी मध्येच विचारलं, "कवा येती आई?"

"पाचव्या रिळात."

"म्हंजी चार हुईस्तोवर बसायचं. बरं." त्या मांडी घालून बसल्या.

आधी कचेरीने बरोबर दिलेला युद्धपट. तो बोलका होता आणि आमची मशीन मुकी. पलटणी, तोफा, विमानं चुन्याच्या भिंतीवरून बिनआवाजी निघून गेली. समजावून सांगायचं काम माझं. मी "हे आपले शूर जवान" असं म्हणालो आणि पुढे काही सुचेना. मग चित्रपट सुरू झाला. मधली अक्षरं गुजरातीत आणि इंग्रजीत होती, तीही मीच सांगत होतो. मला वाटलं होतं, लोक हरकाऱ्याच्या दुःखात बुडतील. लोक वेगळ्याच गोष्टीत बुडाले होते.

"ए, त्यो रंधा हाय!" धबधबा दिसताच एकजण ओरडला.

"व्हय, रंधाच!"

हरकारा धबधब्यापासून पळत निघाला आणि पुढच्या चित्रात गावाच्या वेशीत पोचला. वखारीत गलका झाला.

"मास्तर, ह्यो एवढ्यात कसा आला? चार कोस हाय!"

"मधली वाट गाळलेली आहे," मी म्हणालो. "कला असते ती."

"न्हाई, पन गेला कुन्या वाटंनं? खिंडीतनं गेला तर ह्या अंगानं कसा येईल?"

यावर दोन गट पडले. एकाचं म्हणणं, हरकारा लबाड आहे, तो बैलगाडीत बसून आला असणार. दुसऱ्या गटाने सांगितलं की मग थैली त्यानेच विकली. तिसऱ्या रिळात थैली चोरीला गेली तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. रंगनाथराव अंधारात माझ्या कानाशी म्हणाले, "वाटेचा हा प्रश्न रास्त आहे." वीस वर्षं मी या चित्रपटाची वकिली केली होती, आणि वाटेचा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

चौथं रीळ मशीनमध्ये अडकलं. मग बाहेर भट्टी विझत आली. गोरक्षनाथांनी कोळसा घातला. या सगळ्यात वेळ गेला. पाचवं रीळ लागलं तेव्हा वखारीतला गलका आपोआप थांबला. सगळ्यांना माहीत होतं.

हरकारा ओट्यावर येऊन बसला. त्याने तोंड झाकून घेतलं. आणि मागून, उजवीकडून, एक बाई आली. पदर खोचलेला, हात पुढे केलेले, कमरेत वाकलेली. तिच्यापुढे एक पांढरी कोंबडी पळत होती. कोंबडी चित्राच्या बाहेर गेली, बाई थबकली, आपल्या सगळ्यांकडे बघून हसली, आणि कोंबडीमागे निघून गेली. पाच मोजायच्या आत सगळं झालं. ओल्या चुन्यावर तिचं तोंड चकाकत होतं.

 चांगुणाबाईंच्या शेजारची एक म्हातारी, बायडाबाई, म्हणाली, "तशीच हाय गं. दात बी तसाच पुढं."

चांगुणाबाई म्हणाल्या, "थांबवा की तिला."

"थांबवता येत नाही, बाई," गनीभाई मशीन फिरवत म्हणाले. "थांबवली की जळेल."

"मंग पुन्यांदा आना."

रीळ संपलं. रंगनाथरावांनी झरोक्याची घोंगडी जरा सारून घड्याळ पाहिलं. पाऊण तास उरला होता. सहावं आणि सातवं रीळ दाखवायला, आणि मी शेवट सांगायला, बरोबर तेवढा वेळ लागणार होता. गनीभाई माझ्याकडे बघत राहिले. अर्जदार मी होतो.

माणसाच्या मनात अशा वेळी काय काय येतं ते मी सांगू नये. त्या दोन रिळांत हरकारा पुराच्या पाण्यातून जातो. तसा प्रसंग मी नंतर एकाही चित्रपटात पाहिला नाही. शेवट तर मला हातवाऱ्यांसकट पाठ होता.

"पाचवंच लावा," मी म्हणालो.

रंगनाथराव खोकले. "तोच भाग पुन्हा दाखवायला वेगळा अर्ज लागतो का, हे पाहावं लागेल."

"पाहा," गनीभाई म्हणाले, आणि रीळ उलटं गुंडाळायला लागले. रंगनाथराव पाहायला म्हणून पुढे सरकले आणि चांगुणाबाईंच्या मागे जमिनीवर बसले.

ती बाई त्या दिवशी चार वेळा आली. दुसऱ्या वेळी लोक तिच्याबरोबर हसले. तिसऱ्या वेळी मुलांनी कोंबडीला हाका मारल्या. चौथ्या वेळी फिल्म तुटली, तीही ती निघून गेल्यावर. हरकाऱ्याचं पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. मी कोट झटकून उभा राहिलो, कोणी विचारेल म्हणून. लोक आपापली घोंगडी शोधत होते.

बाहेर अजून ऊन होतं. गनीभाईंनी तुटलेलं टोक नीट करायला कात्री काढली होती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, बोला. तुमची पिक्चर आहे."

मी मान हलवली. त्यांनी हातभर पट्टी कापली आणि चांगुणाबाईंच्या हातात दिली. "चुलीपाशी ठेवू नका हां. भडकते."

चांगुणाबाईंनी पट्टी उन्हात धरली. पट्टीवर नखाएवढी नखाएवढी चित्रं होती, आणि प्रत्येकात त्यांची आई.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "ह्या तर लई आया हायत."

त्यांनी तिथेच बसून वाटणी केली. चार चित्रं थोरल्या बहिणीला. चार स्वतःला. एक बायडाबाईला, मैत्रीण म्हणून. आणि बाकीची सगळी छगनला. छगन त्यांचा धाकटा भाऊ. आईचं शेवटचं बाळंतपण त्याचंच. तो पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या बाजूला.

"त्यानं तर बघितलीच न्हाई तिला," त्या म्हणाल्या. "मास्तर, टपालात जाईल का वो हे?"

फिल्म टपालातून पाठवायला मनाई आहे, हे मला माहीत होतं. माझ्या शेजारी सरकारचा माणूस उभा होता. त्याने छत्री उघडली आणि ऊन कुठून येतं ते पाहू लागला. मी पाकिटावर पलटणीचा नंबर लिहिला.

नगरला आल्यावर मी सदर चालू ठेवलं. 'शेवटची थैली'वर मात्र पुन्हा लिहिलं नाही. संपादकांनी वाचकांची प्रतिक्रिया विचारली, तेव्हा मी म्हणालो, राजूरला चांगली होती.

चार महिन्यांनी गोरक्षनाथांचं कार्ड आलं. छगनचं उत्तर आलं होतं. पलटणीतल्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, मधल्या दोन ओळींवर लष्करी शाई फासलेली. पाकीट पोचलं होतं. तो ती चित्रं दिव्यापासून लांब ठेवतो, रोज सकाळी उजेडात धरतो. त्याचं एकच विचारणं होतं: आई हात पुढे करून धावताना दिसते, ती कोणाला धरायला धावते?

गनीभाईंनी कापलेल्या तुकड्यात कोंबडी आली नव्हती.

गोरक्षनाथांनी खाली लिहिलं होतं: "चांगुणाबाई म्हणतात, मास्तरांना लिहिता येते, त्यांनीच उत्तर लिहावे. काय लिहायचे ते बाईंनी सांगितले नाही."

मी टेबलाशी बसलो. मधल्या चार महिन्यांत मी दुसऱ्या कशाहीसाठी एवढा वेळ बसलो नव्हतो. कोंबडी म्हणून लिहिलं, खोडलं. दीना मागे येऊन उभी राहिली आणि वाचू लागली. तिने विचारलं, "काय लिहायचं ठरलं?"

"खरं काय ते लिहावं म्हणतो."

"खरं लिहा," ती म्हणाली. "पण ती त्याच्याकडे बघून हसली, हे आधी लिहा. कोंबडी मग."

मी तसंच लिहिलं.